टाके निघाल्यानंतरचा हिशेब

ओटीपोटातल्या जुनाट दुखण्यासाठी एखाद्या बाईचे ऑपरेशन झाले की घरातून, शेजारातून आणि कामाच्या ठिकाणाहून साधारण एकच प्रश्न येतो: कामाला कधी लागणार? टाके कधी निघतील हे डॉक्टरांना ठाऊक असते, रुग्णालयाकडे डिस्चार्जची तारीख असते, विमा योजनेकडे पॅकेजचा आकडा असतो. पण दुखणे खरोखर कमी झाले का, ती बाई आता रात्रभर झोपू शकते का, पाण्याची कळशी उचलू शकते का, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नसते. ही नुसती हयगय असती तर चार सूचना देऊन भागले असते. पण इथे हिशेबाची पद्धतच चुकते आहे. सावरण्याचा खर्च हिशेबाबाहेर ठेवल्यामुळे ऑपरेशन हा सर्वांत स्वस्त इलाज ठरतो, आणि स्वस्त ठरल्यामुळे तो गरज नसतानाही केला जातो. सावरण्याचा काळ हा उपचाराचाच भाग आहे असे धरले, तर ज्यांचे ऑपरेशन झाले त्या बायका नीट बऱ्या होतील. शिवाय ऑपरेशन कोणाचे करावे आणि कोणाचे करू नये, हा निर्णयही सुधारेल.

आधी ऑपरेशनने काय साधते ते पाहू. ओटीपोटातले दुखणे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले की त्याला सामान्यतः जुनाट म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते तो एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. शिवाय ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, जुना जंतुसंसर्ग आणि आपल्याकडे न विसरता तपासायला हवा असा जननेंद्रियांचा क्षय. मूत्राशय, आतडी आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांच्यामुळेही नेमके तिथेच दुखते, आणि तेव्हा गर्भाशयाचा काही दोष नसतो. कारण नेमके ओळखले तर शस्त्रक्रियेचा गुण येतो, याबद्दल शंका नको. इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड येथे झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांवर लेझरने दुर्बिणीतून उपचार केले. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी ६२.५ टक्के स्त्रियांना आराम वाटला, तर ज्यांची केवळ तपासणी झाली त्या गटात हे प्रमाण २२.६ टक्के होते. फरक मोठा आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचायला हवी: योग्य उपचार होऊनही तिघींपैकी एकीला सहा महिन्यांत आराम मिळाला नाही. आराम मिळतो तोही कायमचा असेलच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत सुमारे पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस पुन्हा होतो, असे २००९ सालच्या एका आढाव्यात दिसले. जिथे कारण धूसर असते तिथे चित्र आणखी बदलते. पोटातली चिकटलेली आवरणे सोडवली की दुखणे थांबेल, हा समज सर्जनांमध्येही रुजलेला होता. नेदरलँड्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिकटणे सोडवलेल्या आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्या, अशा दोन्ही गटांतल्या रुग्णांना सारखाच आराम पडला.

गर्भपिशवी काढल्याने तरी दुखणे संपते का? बहुतेक वेळा कमी होते, पण प्रत्येक वेळी नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुखणे गर्भाशयाचेच आहे असे मानून ज्या ९९ स्त्रियांचे गर्भाशय काढले, त्यांच्यापैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे दुखणे राहिले. १९९५ सालच्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात ७४ टक्के स्त्रियांचे दुखणे पूर्ण थांबले, २१ टक्क्यांचे कमी झाले आणि ५ टक्क्यांचे तसेच राहिले किंवा वाढले. ज्यांचे वय तिशीच्या आत होते आणि ज्यांच्या ओटीपोटात तपासणीत कोणताही आजार सापडला नव्हता, त्यांच्यात दुखणे राहण्याची शक्यता अधिक होती. डेन्मार्कमध्ये २००७ साली देशभरातल्या नोंदींवरून असे दिसले की कर्करोगाव्यतिरिक्त कारणांसाठी गर्भाशय काढल्यावर वर्षभराने सुमारे ३२ टक्के स्त्रियांना दुखत होते. ज्यांना आधी अजिबात दुखत नव्हते त्यांच्यापैकीही सुमारे १५ टक्क्यांना नव्याने दुखू लागले होते. हे सगळे अभ्यास सुसज्ज आरोग्यव्यवस्था असलेल्या देशांतले आहेत. या आकड्यांवरून ऑपरेशन निरुपयोगी ठरत नाही. दुखण्यावरची शस्त्रक्रिया हा शक्यतांचा मामला आहे आणि तिचा निकाल टाके निघण्याच्या दिवशी लागत नाही, एवढे मात्र ठरते.

याचे कारण वेदनेच्या स्वभावात आहे. दुखणे वर्षानुवर्षे टिकले की ते केवळ त्या अवयवात राहत नाही. मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यातल्या वेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेचीच संवेदना वाढते. मग हलका दाबही दुखतो, लघवी साचली तरी कळ येते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात. बिघडलेला भाग काढला तरी ही वाढलेली संवेदना एका दिवसात उतरत नाही. तिच्यासाठी स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी, झोप, वेदनेची योग्य औषधे, एंडोमेट्रिओसिस असेल तर संप्रेरकांचे पुढचे उपचार आणि गरज पडली तर समुपदेशन लागते. ऑपरेशनने या कामाला वाट मोकळी होते. काम त्यानंतर सुरू होते. गर्भाशय काढताना योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके भरून यायला आठवडे लागतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नये असे सांगितले जाते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रोजची कामे लवकर सुरू करता येतात, पण आतले टाके भरायला वेळ लागतोच. बीजकोशही काढले असतील तर त्या बाईची पाळी त्याच दिवशी जाते: अंगातून वाफा येणे, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका, हे सारे वयाच्या आधी मागे लागते. बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकू शकतात; न्यूझीलंडमधल्या २००५ सालच्या एका अभ्यासात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी ३.७ वर्षे आधी आली. पंचेचाळिशीतल्या बाईला हा फरक थोडा वाटेल. तिशीच्या आसपासच्या बाईला तो हाडांच्या आणि हृदयाच्या आरोग्याची पुढची अनेक दशके बदलणारा असतो.

आणि आपल्याकडे ऑपरेशन होते ते याच वयात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली पहिल्यांदा हा प्रश्न विचारला गेला. १५ ते ४९ वयोगटातल्या ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. ते काढले तेव्हाचे मध्यक वय ३४ होते, सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी पाळीतला अति रक्तस्राव किंवा दुखणे हे कारण सांगितले. म्हणजे ज्या तक्रारींवर अनेकदा गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी किंवा इतर उपचार चालू शकतात, त्यांच्यासाठीच बहुतेक वेळा थेट पिशवी काढली जाते. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत उघडे रूप बीड जिल्ह्यात दिसले. तिथल्या ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण जवळपास १७ टक्के होते, देशाच्या सरासरीच्या पाचपट. ऊसतोडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्यामागचे अर्थकारण समजावून सांगावे लागत नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात, ती फेडायची तर रोज फडात उतरावे लागते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडावर शौचालय नाही, धुवायला पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. अशा बाईला अंगावरून जाण्याचा आणि ओटीपोट दुखण्याचा त्रास असणार यात नवल काय? ती डॉक्टरकडे जाते तेव्हा तिच्यापुढे दोन पर्याय असतात: महिनोन्महिने औषध, तपासण्या आणि खाडे, किंवा एकदाच कर्ज काढून ऑपरेशन. दुसरा पर्याय स्वस्त भासतो. पण तो भासतो एवढेच. कारण सहा आठवडे जड न उचलण्याचा खर्च त्यात कोणी धरलेला नसतो. तिने डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेतली तर उचल फिटत नाही, आणि घेतली नाही तर दुखणे फक्त जागा बदलून कंबरेत आणि पोटात राहते.

हा खर्च हिशेबाबाहेर राहील अशीच आपली व्यवस्था बांधलेली आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा औषध-तपासण्यांचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरला जातो. जखमेसाठी हे ठीक आहे. जुनाट वेदनेचा मात्र खरा पाठपुरावा त्यानंतर सुरू होतो, आणि बुडालेल्या मजुरीचा त्या पॅकेजमध्ये विचारच नाही. कामगार कायद्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि नसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. गर्भाशय काढल्यानंतरच्या रजेची अशी स्वतंत्र तरतूद मात्र नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नसबंदी करून घेणाऱ्या स्त्रीला १४ दिवस पूर्ण वेतन मिळते; गर्भाशय काढलेल्या स्त्रीला इतर कोणत्याही आजाऱ्यासारखा ७० टक्के वेतनाचा आजारपण लाभ घ्यावा लागतो. नसबंदी ही राज्याला हवी असलेली शस्त्रक्रिया आहे, म्हणून तिच्यानंतरच्या विश्रांतीला राज्याने पैसे मोजले. त्याहून कितीतरी मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीला कायद्याने स्वतःचे नाव दिले नाही. आणि हे सगळे संघटित क्षेत्रातल्या मूठभर स्त्रियांपुरते. शेतमजूर, घरकामगार, ऊसतोड कामगार यांच्या वाट्याला यातले जवळपास काहीच येत नाही. घराचा हिशेबही याच वळणाचा. बाळंतिणीला सव्वा महिना जपायची, शेक-शेगडीची, डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांची रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या रीतीत अंधश्रद्धाही मिसळल्या आहेत, पण मोठ्या शारीरिक उलथापालथीनंतर बाईला वेळ आणि सकस अन्न लागते, हे शहाणपण तिच्यात आहेच. मात्र ती विश्रांती मूल झाल्यावर मिळते. ज्या अवयवात मूल वाढते तो काढला जातो तेव्हा तेच घर आठवड्याभरात तिला चुलीपुढे बघते.

या मांडणीवर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येईल, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. ऑपरेशननंतरही दुखू शकते, वर्षभर लागू शकते, असे बोलत राहिल्याने ज्या बायकांना ऑपरेशनची खरी गरज आहे त्याही घाबरतील. एंडोमेट्रिओसिसचे निदान व्हायलाच अनेक वर्षे जातात. पाळीत दुखायचेच, लग्न झाले की थांबेल, असे सांगून मुलींना गप्प बसवले जाते. हा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून अर्धी माहिती देणे परवडणारे नाही. ऑपरेशनने सगळे संपेल असे सांगितलेली बाई तिसऱ्या महिन्यात पुन्हा कळ आली की दोनपैकी एक निष्कर्ष काढते: डॉक्टरने फसवले, किंवा आपलेच मन कमकुवत आहे. दोन्ही निष्कर्षांनी ती पुढच्या उपचारांपासून दूर जाते, आणि तिचा अनुभव ऐकून गावातल्या आणखी चार जणी दूर जातात. सावरणे टप्प्याटप्प्याने होते, मध्ये दुखणे पुन्हा डोके वर काढू शकते आणि तेव्हा काय करायचे, हे आधी माहीत असलेली बाई मात्र तोच प्रसंग आजाराचा भाग म्हणून सोसते आणि वेळेवर परत येते. जुन्या दुखण्याची दखल घेण्यातली दिरंगाई आणि पिशवी काढण्याची घाई यांचा उगमही एकच आहे. दुखणे कामाच्या आड येत नाही तोवर ते कोणी ऐकत नाही, आणि आड आले की ते एका दिवसात मिटवायचे असते.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. आधुनिक शल्यचिकित्सा रुग्णाला लवकर उठवून चालायला लावते. अंथरुणात पडून राहिल्याने पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, बद्धकोष्ठता वाढते, स्नायू दुबळे होतात. किती किलो उचलावे याबद्दलचे नियमही ठोस पुराव्यापेक्षा तज्ज्ञांच्या मतांवर अधिक उभे आहेत. मग विश्रांतीचा आग्रह धरून आपण बायकांना पुन्हा बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत ढकलतो आहोत का? नाही, कारण इथली मागणी पडून राहण्याची नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालणे आणि दुसऱ्या आठवड्यात डोक्यावर उसाची मोळी घेणे यांना एकाच ‘हालचाल’ या नावाखाली घालता येत नाही. लवकर चालायला लावणारी पद्धत ज्या देशांत वाढली तिथे वेदनाशामके, फिजिओथेरपी, आजारपणाची रजा आणि फोनवर मिळणारा सल्ला गृहीत धरलेला असतो. आपण त्या पद्धतीतले ‘लवकर उठा’ तेवढे उचलले आणि आधार तिथेच सोडून आलो. हालचाल वाढवत न्यायची, भार हळूहळू घ्यायचा आणि तो कधी घ्यायचा हे उचलीने नव्हे तर शरीराने ठरवायचे, एवढाच या आग्रहाचा अर्थ.

तिसरा आक्षेप पैशांचा. सरकारी रुग्णालयांत खाटा अपुऱ्या असताना महिनोन्महिन्यांच्या पाठपुराव्याचा खर्च कोण करणार, आणि रजा सक्तीची केली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत, असे म्हटले जाईल. खर्चाबद्दलचा एक पुरावा या आक्षेपाच्या उलट दिशेला जातो. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्त्रीरोग शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना त्यांच्या शस्त्रक्रियेनुसार कधी काय करावे याचा वैयक्तिक आराखडा संगणकावरून दिला गेला. नेहमीची काळजी मिळालेल्या गटात कामावर परतायला मध्यकाने ४८ दिवस लागले, आराखडा मिळालेल्या गटात ३९. मार्गदर्शनामुळे आजारपणाचे दिवस कमी झाले. आपल्याकडे आशा कार्यकर्ती घरोघरी जाते, तिच्याकडे बाळंतिणीच्या आणि बाळाच्या भेटींचे वेळापत्रक आधीपासून आहे. त्यात गर्भाशय काढलेल्या बाईच्या काही भेटी घालायला आणि त्यांचा मोबदला आशाला द्यायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. रजेचा भार एकट्या मालकावर टाकला तर तो बायकांना टाळेल, हे खरे आहे. म्हणूनच तो विमा योजनेने आणि कल्याणनिधीने उचलायचा. ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. ऑपरेशन झालेल्या बाईची सहा आठवड्यांची मजुरी हा त्याच्या कामाचा स्वाभाविक भाग ठरायला हवा. आणि उरलेला प्रश्न असा की सध्या हा खर्च कोणीच करत नाही, असे थोडेच आहे? तो होतोच. ती बाई मजुरी बुडवून, सावकाराचे व्याज भरून आणि उरलेले दुखणे अंगावर काढून तो करते. खर्च करायचा की नाही हा वाद नाही. तो कोणाच्या नावावर टाकायचा, एवढाच वाद आहे.

आता निर्णयाच्या बाजूकडे येऊ. अनावश्यक ऑपरेशन रोखण्यासाठी आजवर परवानगीचा मार्ग धरला गेला. बीडमध्ये २०१९ साली खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. बिहार, छत्तीसगढ आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. हे आवश्यक होते. लुटीला आवर घालायलाच हवा. पण परवानगी नाकारल्याने दुखणे थांबत नाही. ऑपरेशन अडवले आणि त्याजागी सोनोग्राफी, हार्मोनच्या गोळ्या, फिजिओथेरपी, फडावर पाणी आणि शौचालय यांपैकी काहीच दिले नाही, तर ती बाई जिल्ह्याची हद्द ओलांडून दुसरीकडे ऑपरेशन करून येईल, किंवा दुखणे घेऊन फडात उतरेल. नियम फक्त दार अडवतो. ऑपरेशनचा खरा खर्च मांडला तर इतर उपचारांची तुलना आपोआप न्याय्य होते: ज्या योजनेला ऑपरेशनच्या पॅकेजबरोबर सहा आठवड्यांची मजुरी, वर्षभराचा पाठपुरावा आणि बीजकोश काढले असतील तर पुढचे संप्रेरकांचे उपचार यांचेही पैसे मोजावे लागतील, तिला आधी गोळ्या आणि तपासण्यांवर पैसे घालणे परवडू लागेल. डॉक्टरची नीती न बदलता व्यवहाराचे गणित बदलेल, आणि मोठ्या संख्येने होणारे निर्णय बहुधा गणितानेच बदलतात.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांतली एकही महागडी नाही. दुखण्यासाठी गर्भाशय वा बीजकोश काढण्याआधी बाईला तिच्या भाषेत लेखी सांगायचे की दुखणे राहण्याची शक्यता किती, दुसरे उपाय कोणते झाले आणि कोणते राहिले, आणि घरी गेल्यावर सहा आठवडे तिचे काम कोण करणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी नाही’ असे असेल, तर तातडी नसलेले ऑपरेशन पुढे ढकलून आधी त्या आठवड्यांची सोय करायची. विमा पॅकेजचा शेवटचा हप्ता रुग्णालयाला सहाव्या महिन्यातल्या तपासणीनंतर द्यायचा, म्हणजे पाठपुरावा रुग्णालयाच्या भलेपणावर अवलंबून राहणार नाही. आणि तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्याला वेदना, झोप आणि काम यांची नोंद ठेवून ती जिल्ह्यानुसार प्रसिद्ध करायची. आज आपल्याला किती गर्भाशये काढली गेली हे बऱ्यापैकी मोजता येते. त्यांतल्या किती बायका बऱ्या झाल्या हे कोणीही सांगू शकत नाही. दुखण्यासाठी केलेल्या उपचाराचे यश दुखणे कमी झाल्यावरच मोजायचे, एवढी साधी अट घातली तरी कोणते ऑपरेशन गरजेचे होते आणि कोणते केवळ सोयीचे, हे काही वर्षांत आकड्यांनीच दिसू लागेल.